पांढऱ्या कापसाची जांभळी सावली

निवृत्त शिक्षकाच्या घरीं जुने विद्यार्थी येतात, वांकून नमस्कार करतात, आणि ‘गुरुजी, तुम्हीं आम्हांला घडविलें’ असें म्हणतात. हें ऐकावयास गोड लागतें, व वय वाढत जातें तसतसा त्यावर विश्वासहि बसूं लागतो. परंतु प्रत्येक शिक्षकाच्या हिशेबांत एखादी खर्चाची बाब अशी असते कीं, ती तो सहसा कोणास दाखवीत नाहीं. माझ्या हिशेबांतील तशी एक बाब आज वाचकांपुढें मांडणार आहें. ती एका बारा वर्षांच्या मुलाच्या चित्राविषयीं आहे. तिचा उलगडा होण्यासाठीं मला दीडशें वर्षांपूर्वींच्या फ्रान्स देशांतील कांहीं चित्रकारांची गांठ घ्यावी लागली; म्हणून त्यांच्याविषयींहि थोडें सांगणें प्राप्त आहे. चित्रकला हा माझा विषय नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, व त्यापुढें एका शास्त्रीबुवांच्या पायांशीं बसून झालेलें थोडें संस्कृत, एवढीच माझी पुंजी. तेव्हां तज्ज्ञांनीं उणें दिसेल तें पदरांत घ्यावें.

यवतमाळ जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं मी संस्कृत व मराठी हे विषय शिकवीत असें. चित्रकलेच्या शिक्षकाची जागा बरीच वर्षें रिकामी राहिली, आणि अशा वेळीं ज्याचे तास कमी त्याच्या गळ्यांत तो विषय पडतो, त्या न्यायानें तो माझ्या गळ्यांत पडला. मी फळ्यावर आंबा, तांब्या व झोपडी काढून देत असें. मुलें तीं उतरवून घेत. एकदां सहामाही परीक्षेला मीं विषय दिला : ‘माझ्या घरचें अंगण.’ दिवस कापूस वेचणीचे होते. आमच्याकडे त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या घरीं ओसरीवर नाहीं तर अंगणांत कापसाचा ढीग पडलेला असतो. एका कास्तकाराच्या मुलानें तोच ढीग काढला होता. चित्र ओबडधोबड होतें, परंतु त्यांत पांढरा रंग जवळजवळ नव्हता. ढिगाच्या माथ्यावर पिवळा व गुलाबी रंग चोपडलेला होता; कुशीला फिकट निळा, आणि जमिनीवर पडलेली ढिगाची सावली चक्क जांभळी होती.

मी लाल पेन्सिल उचलली व खालीं लिहिलें : ‘कापूस पांढरा असतो. सावली काळी असते.’ पस्तीसपैकीं आठ गुण दिले. एवढ्यावर थांबलों असतों तरी पुष्कळ होतें. पण वर्गांत तें चित्र उंच धरून मीं विचारलें, ‘कायरे, तुमच्याकडे कापूस काय रंगपंचमीला वेचतात?’ वर्ग हंसला. तो मुलगा हंसला नाहीं व रडलाहि नाहीं. त्यानें कागद परत घेतला, चार घड्या घातल्या व खिशांत ठेवला. त्यानंतर तो माझ्या तासाला, मी फळ्यावर काढून देईं तसाच तांब्या, तसाच आंबा, तसाच काढूं लागला. त्याला चांगले गुण मिळूं लागले, आणि मुलगा सुधारला असें मला वाटलें!

या गोष्टीला तीस वर्षें होऊन गेलीं. तीन वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत माझा मुलगा सहकुटुंब पुण्याहून आला होता. सूनबाईला चित्रांचा नाद आहे. तिनें सोबत आणलेला फ्रेंच चित्रकारांचा एक जाडजूड ग्रंथ माजघरांत पडला होता. दुपारीं बाहेर पंचेचाळीस अंशांचें ऊन, झोंप येईना. म्हणून मीं तो चाळावयास घेतला. एका पानावर हात थबकला. चित्रांत बर्फानें आच्छादलेलें एक शेत आहे, काटक्यांचें कुंपण आहे, आणि कुंपणाच्या फाटकावर आपल्याकडील दयाळाची आठवण व्हावी असा एक काळापांढरा पक्षी एकटाच बसला आहे. बर्फ पांढरें, परंतु नीट पाहिलें तर त्यांत निर्भेळ पांढरें असें फारच थोडें. उन्हाच्या बाजूस तें पिवळसर, गुलाबीसर आहे, आणि कुंपणाची जी सावली बर्फावर पडली आहे ती निळीजांभळी आहे.

मला एकदम घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता.

सूनबाईला हांक मारून चित्राखालील मजकूर वाचून घेतला. चित्रकाराचें नांव क्लोद मोने. चित्र १८६८-६९ च्या हिंवाळ्यांतलें. पॅरिसमध्यें दरवर्षीं ‘सालों’ नांवाचें सरकारमान्य मोठें प्रदर्शन भरत असे. १८६९ सालीं त्याच्या परीक्षकांनीं हें चित्र नापसंत करून परत केलें. आज तें पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहे व लोक तें पाहण्यासाठीं दूरदेशांहून येतात. तीं नापसंत करणारीं माणसें मूर्ख नव्हतीं. तीं आपल्या विद्येंत निष्णात होतीं. त्यांना बर्फ कसें असतें हें ठाऊक होतें, जसें मला कापूस कसा असतो हें ठाऊक होतें. दोष ठाऊक असण्यांतच होता.

हें मला माझ्या जुन्या शास्त्राच्या साह्यानें समजलें, तें सांगतों. न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष ज्ञानाचे दोन भेद मानिले आहेत. डोळ्यांपुढें कांहीं तरी आहे, पण त्याला नांव, जाति, गुण कांहींच अजून चिकटलेलें नाहीं, असें जें पहिल्या क्षणाचें ज्ञान तें निर्विकल्पक; आणि ‘हा घट आहे, हा पांढरा आहे’ असें विशेषणांसह जें ज्ञान होतें तें सविकल्पक. पहिलें ज्ञान इतकें निसटतें कीं तें अनुमानानेंच मानावें लागतें, असें नैयायिक म्हणतात. हा भाग मीं तरुणपणीं पाठ केला, विद्यार्थ्यांनाहि समजावून दिला. परंतु तो केवळ वादाचा विषय आहे असेंच मी समजत होतों. कोणी माणसें हातांत कुंचला घेऊन तो पहिला क्षण पकडण्यासाठीं शेतांत, नदीकांठीं जाऊन बसलीं असतील, हें माझ्या स्वप्नांतहि आलें नव्हतें. मोने व त्याचे स्नेही यांनीं हेंच केलें. ‘हें बर्फ आहे, म्हणून पांढरें’ असें मन सांगण्यापूर्वीं डोळ्यास काय दिसलें, तेवढेंच त्यांना कागदावर उतरवावयाचें होतें.

आणि डोळ्यास दिसलें तें खोटें नव्हतें. सावलींत सूर्याचे सरळ किरण पोंचत नाहींत. तेथें जो उजेड असतो तो बहुतेक निळ्या आकाशाकडून आलेला असतो. म्हणून निरभ्र दिवशीं पांढऱ्या वस्तूवरील सावली निळसरच असते. शिवाय एका रंगाच्या शेजारीं दुसरा रंग आला कीं दोहोंचें रूप पालटतें. शेव्रल नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें हें १८३९ सालीं एक मोठा ग्रंथ लिहून दाखवून दिलें होतें. पॅरिसच्या गोबलें या प्रसिद्ध कारखान्यांत, जेथें चित्रमय पडदे विणीत, तेथील रंगखात्याचा तो प्रमुख होता. काळ्या सुताचा रंग फिका येतो अशी तक्रार आली. तपास करतां त्याला आढळलें कीं रंग चांगलाच आहे, शेजारच्या रंगांमुळें तो फिका दिसतो. पिवळ्याच्या जवळ जांभळा उठून दिसतो, हें आमच्या घरांतील बायकांना लुगड्याचे कांठ निवडतांना ठाऊक असतेंच. त्या मुलाच्या ढिगावर मावळतीचें पिवळें ऊन होतें. सावली जांभळी दिसली नसती तरच नवल!

आतां प्रश्न असा कीं, परीक्षकांनीं झिडकारूनहि ते चित्रकार टिकले आणि माझा विद्यार्थी टिकला नाहीं, हें कां? केवळ बुद्धीच्या व निश्चयाच्या फरकानें हें झालें असें म्हणून आपली सुटका करून घेणें सोपें आहे. परंतु त्या वेळच्या समाजाचा इतिहास पाहिला तर गोष्ट निराळी दिसते.

त्या काळीं फ्रान्समध्यें चित्रकाराचें भवितव्य सालोंच्या परीक्षकांच्या हातीं असे. तेथें चित्र लागलें तर गिऱ्हाईक, न लागलें तर उपासमार. १८६३ सालीं त्यांनीं इतकीं चित्रें परत केलीं कीं मोठा ओरडा झाला, आणि तिसऱ्या नेपोलियन बादशहास नापसंत चित्रांचें वेगळें प्रदर्शन भरविण्याची आज्ञा द्यावी लागली. लोक तेथें हंसावयास गेले; पण परीक्षकांवरहि अपील असूं शकतें ही गोष्ट त्या दिवसापासून उघड झाली. पुढें १८७४ च्या एप्रिलांत मोने, रेन्वार, पिसारो, देगा, सेझां इत्यादि तीसएक कलावंतांनीं नादार नांवाच्या छायाचित्रकाराच्या जुन्या जागेंत स्वतःच्या हिमतीवर प्रदर्शन मांडलें. त्यांत मोनेचें बंदरावरील सूर्योदयाचें एक चित्र होतें व त्याच्या नांवांत ‘इंप्रेशन’ म्हणजे मनावर उमटलेला ठसा, हा शब्द होता. लुई लेरुवा या लेखकानें तो शब्द धरून सर्वांची टवाळी केली, आणि टवाळीचेंच नांव पुढें सन्मानाचें झालें. १८८६ पर्यंत त्यांनीं अशीं आठ प्रदर्शनें केलीं.

त्यांना आधार कशाकशाचा होता हें पाहण्यासारखें आहे. १८४१ सालीं जॉन रँड नांवाच्या एका अमेरिकन चित्रकारानें कथलाच्या नळींत तयार रंग भरण्याची युक्ति काढली होती. तिजमुळें रंग खलीत घरीं बसण्याची गरज उरली नाहीं, शेताच्या बांधावर बसून चित्र पुरें करतां येऊं लागलें. आगगाडी झाली होती. सकाळीं पॅरिसहून निघून नदीकांठीं जावें व रात्रीं परतावें. त्या गाडीचेंहि मोनेला इतकें कौतुक कीं, १८७७ सालीं सें-लाझार स्टेशनाचीं, वाफेनें भरून गेलेलीं, बाराएक चित्रें त्यानें काढलीं. शहर नव्यानें बांधलें गेलें होतें, रुंद रस्ते झाले होते, व्यापारानें श्रीमंत झालेला एक नवा वर्ग पुढें आला होता. त्याला देवदेवतांच्या व राजेरजवाड्यांच्या चित्रांपेक्षां आपल्यासारख्या माणसांचीं, बागेंतलीं, नावेंतलीं चित्रें जवळचीं वाटणें शक्य होतें. द्युरां-र्युएल नांवाचा व्यापारी स्वतः बुडण्याची वेळ आली तरी यांचीं चित्रें विकत घेत राहिला, आणि १८८६ सालीं तीं न्यूयॉर्कला नेऊन त्यानें त्यांस गिऱ्हाईक मिळवून दिलें. काय्यबोत हा त्यांच्यांतलाच एक धनिक चित्रकार; तो मित्रांचीं न खपणारीं चित्रें घेई व प्रसंगीं घरभाडेंहि भरी. स्त्रियांना सरकारी कलाशाळेचें दार १८९७ पर्यंत बंद होतें. पण बर्थ मोरिझो ही बाई आठांपैकीं सात प्रदर्शनांत पुरुषांच्या बरोबरीनें होती, आणि पाळण्यापाशीं बसलेल्या आईचें तिचें चित्र पहिल्याच प्रदर्शनांत लागलें होतें. तात्पर्य, त्यांच्या मागें एक समाज होता. तो मोठा नसेना कां, हंसणाऱ्यांच्या गर्दींतून वाट काढण्याइतका होता. त्या बारा वर्षांच्या पोराच्या मागें मी एकटा होतों, आणि मीच हंसलों.

त्या ग्रंथाचीं पानें उलटतां उलटतां आणखी एका चित्रापाशीं मी थांबलों, आणि तेथें मला फ्रान्स परका वाटेनासा झाला. देगाचें हें चित्र १८७३ सालचें. विषय, अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरांतील कापसाची पेढी! देगाची आई मूळची त्या शहरची. आजोळच्या माणसांस भेटावयास तो १८७२ च्या अखेरीस तेथें गेला व मामाची पेढी त्यानें रंगविली. मध्यभागीं लांब टेबल, त्यावर कापूस पसरलेला. पुढें मामा खुर्चींत बसून रुईचा तंतु बोटांनीं ताणून पाहतो आहे. एक भाऊ वर्तमानपत्र वाचतो आहे, दुसरा खिडकीला रेलून उभा आहे, कारकून वह्यांवर वांकले आहेत. आमच्याकडच्या अडत्याच्या दुकानीं दिवाळीनंतर गेलेल्या माणसास यांत कांहींच नवें वाटणार नाहीं; तंतु ताणून पाहण्याची ती दोन बोटांची लकबसुद्धां तीच.

हें साम्य योगायोगाचें नव्हे. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें. तिकडील कापूस बंद पडला, मँचेस्टरच्या गिरण्या अडल्या, आणि इंग्रजांची दृष्टि वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे वळली. भाव चढले, आगगाडी आली, पेठा वसल्या. युद्ध संपतांच अमेरिकेचा कापूस पुन्हां बाजारांत आला व १८६५ सालीं आपल्याकडील तेजी कोसळली. देगानें चित्र काढलें त्याच सुमारास त्याच्या मामाचीहि पेढी मोडली. तें चित्र मँचेस्टरच्या एखाद्या गिरणीवाल्यास विकावें असा देगाचा मनोदय होता. तो सिद्धीस गेला नाहीं. १८७८ मध्यें फ्रान्समधील पो शहराच्या संग्रहालयानें तें दोन हजार फ्रँकांस घेतलें. वऱ्हाडचा कापूस मात्र मँचेस्टरला जातच राहिला. त्याकरितांच यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ गाडी घालण्यांत आली. १९२१ सालीं मँचेस्टरमध्यें बांधलेलें तिचें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत धांवत होतें. आतां ती गाडीहि बंद पडली आहे. दारव्ह्याच्या बाजूस संध्याकाळच्या उन्हांत तिचा धूर सोनेरी होऊन पऱ्हाटीवर पसरतांना मीं कितीकदां पाहिला असेल. पण ‘गाडी उशिरां आली’ एवढेंच माझ्या मनानें टिपलें. मोनेनें स्टेशनाचीं बारा चित्रें काढलीं. मीं एकदांहि मान वर करून धूर पाहिला नाहीं.

देगाच्या चित्रांत आणखी एक गोष्ट आहे, किंवा नाहीं, असें म्हणूं. त्यांत चौदा माणसें आहेत. कापूस विकणारीं, मोजणारीं, लिहिणारीं. ज्यांनीं तो पेरला व वेचला त्यांपैकीं एकहि त्या खोलींत नाहीं. त्या प्रांतांतील गुलामगिरी कायद्यानें संपून तेव्हां आठच वर्षें झालीं होतीं. मी हें देगाचा दोष म्हणून सांगत नाहीं. त्यानें खोलींत जें होतें तें प्रामाणिकपणें काढलें. पण माणूस जेथें उभा असतो तेथूनच त्याला दिसतें, एवढें यावरून खरें. माझ्या विद्यार्थ्यानें ढीग पाहिला तो पेढीवरून नव्हे, अंगणांतून. ज्या घरचें वेचणीच्या पहिल्या दिवशीं सीतादही होतें, तेथून. तें चित्र देगालाहि काढतां आलें नसतें.

शेतांत उभें राहून पाहणारा चित्रकार त्यांच्या मागून आला. या मागून आलेल्यांस रॉजर फ्राय या इंग्रज पंडितानें १९१० सालीं लंडनच्या प्रदर्शनांत ‘इंप्रेशनिस्टांनंतरचे’ अशा अर्थाचें नांव दिलें. त्यांतील व्हॅन गॉगनें १८८८ सालीं दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथें एक पेरणारा काढला आहे : वर पिवळाधमक सूर्य, आणि खालीं नांगरटीचीं ढेकळें जांभळीं! सेझांनें आपल्या गांवाजवळचा एकच डोंगर वर्षानुवर्षें काढला. नुसता क्षण पकडून त्याचें समाधान झालें नाहीं. त्या क्षणांतून टिकाऊ कांहीं उभारावें, दगडाला दगडपण द्यावें, ही त्याची धडपड. मला वाटतें, निर्विकल्पकापासून निघून स्वतःच्या नव्या सविकल्पकापर्यंत तो पोंचला. पढविलेल्या नांवापर्यंत परतला नाहीं.

‘हें सगळें परदेशचें, आमच्या मातींत असें कोण?’ असें मनांत आलें असतां सूनबाईनेंच मला एक नांव सांगितलें, आणि पुन्हां एकदां मान खालीं घालावी लागली. हरि अंबादास गाडे यांचा जन्म १९१७ सालीं तळेगांव दशासर येथें झाला. शंकरपटासाठीं प्रसिद्ध असलेलें हें गांव अमरावती जिल्ह्यांत, आमच्या अगदीं शेजारीं. गाडे शास्त्रशाखेचे पदवीधर, कांहीं काळ पेशानें शिक्षक! नागपूरच्या कलाशाळेंत त्यांनीं चित्रकलेचे पाठ घेतले. त्याच कलाशाळेंत १९३९ ते १९४३ पर्यंत मंडला जिल्ह्यांतून आलेले सय्यद हैदर रझा शिकत होते. हे दोघेहि पुढें मुंबईस, १९४७ सालीं स्थापन झालेल्या ‘प्रोग्रेसिव्ह’ चित्रकारांच्या मंडळांत, गोव्याचे सूझा, तसेच हुसेन, आरा व शिल्पकार बाकरे यांच्यासह संस्थापक म्हणून होते. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेनें १८५७ पासून हुबेहूब रेखाटनाची जी शिस्त लाविली होती तिच्या पलीकडे पाहण्याची यांची इच्छा होती.

आणि येथेंहि पुन्हां समाजच आडवा येतो, किंवा उपयोगीं पडतो. हिटलरच्या छळामुळें युरोप सोडून आलेले कांहीं कलारसिक त्या वेळीं मुंबईंत होते. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर १९३८ सालीं येऊन एका मोठ्या इंग्रजी दैनिकाचे कलासंचालक झाले. रुडॉल्फ फॉन लायडन वर्तमानपत्रांतून समीक्षा लिहीत. इमॅन्युएल श्लेसिंजर चित्रें विकत घेत. या तिघांनीं तरुणांना सेझां, व्हॅन गॉग यांच्या चित्रांच्या छापील प्रती दाखविल्या, चर्चा केल्या, धीर दिला. पॅरिसमध्यें द्युरां-र्युएल व काय्यबोत यांनीं जें केलें, तें मुंबईंत यांनीं केलें. १९४८ सालीं काश्मिरांत एका फ्रेंच छायाचित्रकारानें रझांना सेझांचा अभ्यास करा असें सांगितलें, आणि १९५० मध्यें ते शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. गाडे इकडेच राहिले. निसर्गाचीं व वस्त्यांचीं चित्रें, घरें चौकोनांत बसवून, भडक रंगांत काढीत राहिले, व २००१ सालीं वारले. तळेगांवच्या मुलाला कोणी तरी वेळेवर ‘काढ’ म्हटलें असलें पाहिजे. तें म्हणणारा माणूस कोण होता हें मला माहीत नाहीं. पण तो मी नव्हतों, एवढें खास.

गेल्या दिवाळींत माझा तो विद्यार्थी तुरीची डाळ घेऊन घरीं आला. आतां तो पंचेचाळिशीच्या घरांत आहे. वडिलोपार्जित सहा एकर शेती करतो. केस पांढरे झाले आहेत. चहा झाल्यावर मीं तो ग्रंथ काढला. सूनबाईनें तो मजसाठींच मागें ठेविला होता. बर्फाचें पान उघडून त्याच्यापुढें धरलें व म्हटलें, ‘अरे, सहामाहीला तूं एक चित्र काढलें होतेंस. कापसाच्या ढिगाचें.’

तो बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘गुरुजी, म्या काही मनानं रंग नव्हते देल्ले. मले दिसले थेच देल्ले.’

‘माझें चुकलें रे,’ मी म्हणालों. शिक्षकाच्या जन्मांत हे शब्द विद्यार्थ्यापुढें उच्चारण्याचा मला अभ्यास नव्हता. ते नीट बाहेरहि पडले नाहींत. त्याला अवघडल्यासारखें झालें. ‘जाऊ द्या न गुरुजी, लय जुनी गोष्ट झाली,’ असें म्हणून तो हंसला. मीं विचारलें, ‘आतां दिसतात का रे ते रंग?’ तो म्हणाला, ‘आता कुठचं, गुरुजी. आता ढीग पाह्यला का पहिले भावच दिसते.’

यावर मला कांहीं बोलतां आलें नाहीं. कापसाच्या भावानें आमच्या जिल्ह्यांत किती घरांच्या ओसऱ्या सुन्या केल्या हें वर्तमानपत्रें वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. त्याचें खापर एका लाल पेन्सिलीवर फोडण्याइतका मी भाबडा नाहीं. तो चित्रकार झाला असता असेंहि मी म्हणत नाहीं. परंतु सबंध दिवस भावाच्या काळजींत घालविणाऱ्या माणसास संध्याकाळीं घटकाभर आपलाच ढीग गुलाबी दिसला असता, तर तेवढें तरी त्याचें स्वतःचें राहिलें असतें. तें मीं घेतलें. परत देण्याची युक्ति मला ठाऊक नाहीं.

या मासिकाचे वाचक सुशिक्षित आहेत. घरोघर मुलें आहेत, त्यांच्या चित्रकलेच्या वह्या आहेत. त्यांच्यापाशीं माझें एवढेंच मागणें आहे. मुलानें आकाश हिरवें काढलें, सावली जांभळी काढली, तर ‘असें कुठें असतें का?’ म्हणून लगेच विचारूं नये. अगोदर त्याचें बोट धरून अंगणांत जावें व आपण स्वतः पहावें. बहुधा मुलाचेंच खरें निघेल. आणि न निघालें तरी आपलें पाहणें होईल, तें कांहीं वायां जाणार नाहीं.

निघतांना त्यानें तो ग्रंथ हातांत घेऊन, थोडा संकोचत, विचारलें, ‘गुरुजी, हे पुस्तक दोन दिवस नेऊ का? पोरगी पाहीन.’ मीं दिलें. ग्रंथ भारी किंमतीचा आहे व सूनबाईचा आहे. म्हणून तिला पत्रानें कळविलें. तिचें उत्तर आलें, ‘बाबा, परत मागूं नका.’ दोन दिवसांचे आतां सात महिने झाले. मीं मागितलेला नाहीं.